मोहोरबंद पेटीतला दगड

१

दगड सूर्यात पडला, ही बातमी सकाळचा पहिला चहा व्हायच्या आत संस्थाभर झाली.

खरं तर दगडाचं काहीच बिघडलं नव्हतं. तो मंगळाच्या पलीकडे आपल्या वाटेने निवांत फिरत होता. पडला तो संगणकात, आणि तोही काही लाख वर्षांनंतरच्या हिशोबात. पण त्या दगडावर एका मुलीची पाच वर्षं उभी होती. तिने प्रबंधात ठासून लिहिलं होतं की हा दगड एके दिवशी गुरूच्या फार जवळून जाईल, गुरू त्याला गोफणीतल्या गोट्यासारखा भिरकावेल आणि तो सूर्यमालेबाहेर पडेल. कायमचा.

मुलीला सगळे चिंगी म्हणत. अंगाने काडी, आवाज खणखणीत, आणि हातात कायम खोडरबर. आज मात्र ती सभागृहाच्या पहिल्या रांगेत नुसती बसली होती.

संस्थेची एक पद्धत होती. विभागप्रमुख सरांनी ती घातलेली. विद्यार्थ्याने प्रबंधासाठी जे गणित केलं ते सगळंच्या सगळं, म्हणजे प्रोग्रॅम, आकडे आणि त्याखालची संगणकाची व्यवस्थासुद्धा, एका पेटीत बंद करायचं. पेटी म्हणजे व्हर्च्युअल मशीन. संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक, ज्याला आपण कोणाच्या पोटात आहोत याचा पत्ताही नसतो. पेटी बंद झाली की तिच्या आतल्या अक्षर न् अक्षरावरून एक भलीमोठी ओळखसंख्या काढायची. तीच मोहोर. आत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी संख्या बदलते. मग तोंडी परीक्षेच्या आधी मोहोर तपासून पेटी पुन्हा चालवायची आणि निघालेलं उत्तर सगळ्यांसमोर वाचायचं. वीस वर्षांनी उघडली तरी पेटी तेच उत्तर देईल, ही सरांची मिरवायची गोष्ट होती, आणि आजवर एकाही पेटीने त्यांना तोंडघशी पाडलं नव्हतं.

आज पडद्यावर शेवटची ओळ आली. सूर्यात पतन.

मागे कोणीतरी फसकन हसलं. थट्टा असेल असं वाटलं असावं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मोहोर शाबूत आहे," ते म्हणाले. "पेटी खोटं बोलत नाही. म्हणजे माणूस बोललं."

"सर, मी यातून जे निघालं तेच लिहिलंय," चिंगी उभी राहून म्हणाली. "एक आकडा बदललेला नाही."

"मग आता निघालं ते काय आहे?"

परीक्षा समितीने पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर उलगडा झाला नाही, तर बनावट निकालाबद्दल चिंगीची नोंदणी रद्द. आणि एवढ्यावर भागणार नव्हतं. या पेट्या जिथे राहतात त्या सर्व्हरच्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे होती, आणि तो चिंगीचा सख्खा भाऊ होता.

२

मोजणीबाई हे नाव त्यांना नवऱ्याने ठेवलं होतं. त्या वजनं-मापं तपासायच्या प्रयोगशाळेत होत्या. काटे, तापमापक, मोजपट्ट्या, जे जे स्वतःला खरं म्हणवतं त्याची परीक्षा घेणं हे त्यांचं काम. "हिला भाजी आणायला पाठवू नका," नवरा पाहुण्यांना सांगे, "भाजीवाला धंदा सोडून जाईल."

संस्थेच्या संचालिका त्यांच्या थोरल्या जाऊबाई. स्वयंपाकघर एकच, त्यामुळे चौकशीचं काम ओट्यापाशीच सोपवलं गेलं.

"मला आकाशातलं ओ की ठो कळत नाही," मोजणीबाई म्हणाल्या.

"म्हणून तर तू ये. कळणारे सगळे आधीच निकाल देऊन बसलेत."

सरांची खोली पुस्तकांनी इतकी भरली होती की बसायला खुर्चीवरचा गठ्ठा मांडीवर घ्यावा लागला.

"पेटी किती वेळा चालवली?" बाईंनी विचारलं.

"परीक्षेआधी तीन सर्व्हरवर तिच्या तीन नकला लावल्या होत्या. आमचा नियमच आहे. तिन्हींत सूर्य."

"अगदी सारखा? थोडाफार फरक?"

"छापलेल्या शेवटच्या आकड्यापर्यंत सारखा."

बाईंना हे फार आवडलं. मोडलेला काटा दर वेळी वेगळं वजन दाखवतो. जो काटा दर वेळी तेच चुकीचं वजन दाखवतो तो मोडलेला नसतो, तो कशावर तरी लावलेला असतो.

"यंत्राचा दोष असेल का?"

"तेही पाहिलं." सर विजयाने पुढे झुकले. "आमचा दुसरा विद्यार्थी, त्याला दाढी म्हणतात, त्याची पेटी त्याच आठवड्यात, त्याच सर्व्हरवर उघडली. त्याचा विषय एका चंद्राचं डोलणं. उत्तर तंतोतंत जुळलं. यंत्र बिघडलं असतं तर त्याचंही बिघडायला हवं होतं. बाई, कुलूप शाबूत, खोली बंद, आणि आतला ऐवज बदललेला. याचा अर्थ एकच. तो ऐवज आत कधी नव्हताच. तिने प्रबंधात हवं ते लिहिलं."

"हवं ते का? दगड सूर्यात पडला असता तर पदवी मिळाली नसती?"

"मिळाली असती," ते कुरकुरत म्हणाले. "पण बाहेर फेकला जाणं जास्त रंगतदार आहे. नोकरीची जागा एकच रिकामी आहे इथे, आणि दाढी आणि ती, दोघंही त्या जागेवर डोळा ठेवून."

दारावर टकटक झाली. सरांच्या मदतनीस आत आल्या. सर्व्हरची नोंद काढायला त्यांना सांगितलं होतं.

"सर, ही पेटी परीक्षेआधी दोनदा गुपचूप उघडली गेलीय. नियमाच्या तीन वेळा सोडून." त्यांनी आवाज खाली आणला. "तिच्या भावाच्या किल्लीने."

३

मोजणीबाई आधी भावाकडे गेल्या नाहीत. त्या बहीण-भावाच्या घरी गेल्या.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आई शिवणयंत्रावर लोकांच्या विजारी आखूड करत बसलेली. भिंतीला टेकून चिंगीचं टेबल, आणि त्याच्या वर कपड्यांची दोरी, त्यामुळे ग्रहांच्या कक्षांवर मधूनमधून मोजे लोंबत होते.

"माझी पोर खोटं बोलत नाही," आई यंत्र न थांबवता म्हणाली. "लहानपणी बरणी फुटली की तुकडे हातात घेऊन सांगायला यायची. दुसरा मात्र तोंड मिटून बसायचा. आत्ताही तेच. तीन आठवडे झाले, बहिणीशी धड बोलत नाही. ताट घेऊन आत जातो."

"आई, पुरे," चिंगी म्हणाली.

तीन आठवडे. बाईंनी मनात टिपून ठेवलं. पेटी सभागृहात उघडली ती परवा. मग हा त्याच्या इतकं आधीपासून कशाला रुसला?

चिंगीने संगणक उघडला. "बघा मॅडम. ही जुनी वाट, माझ्या प्रबंधातली. ही नवी, सूर्यात पडणारी. एकावर एक ठेवते."

पडद्यावर एकच रेघ दिसली. लंबगोल, लंबगोल, थोडा सरकलेला लंबगोल. वर्षांचा आकडा भराभर वाढत होता.

"दुसरी कुठे आहे?"

"हीच. दोन्ही आहेत. हजारो वर्षं केसभरही वेगळ्या होत नाहीत." तिचा आवाज आपोआप हळू झाला. "आता बघा."

रेघ किंचित जाड झाली. डोळे मिचकावून पाहावं इतकीच. मग तिच्या मधोमध प्रकाशाची एक फट आली. फट रुंदावली. आणि एका वळणावर, गुरूच्या जवळ, दोन दगड झाले. एक त्याच्या पुढून गेला, एक मागून. त्यानंतर त्यांचा एकमेकांशी काही संबंध राहिला नाही.

शिवणयंत्र थांबलं होतं. आईही बघत होती.

"अगं बाई," ती म्हणाली. "जुळ्यांसारखे होते की."

"मॅडम, मला लबाडी करायची असती तर मी शेवटची ओळ बदलली असती," चिंगी म्हणाली. "इतकी हजार वर्षं नेमकी जुळवून, मग इतकी हळुवार फारकत घडवत कोण बसेल? मला जमणार नाही. कोणालाच जमणार नाही."

मुलगी खरं बोलत होती हे बाईंना आता पटलं. पण मोहोरही खरं बोलत होती. दोन खऱ्या गोष्टी, आणि त्यांच्यामध्ये एक फट.

४

सर्व्हरची खोली थंडगार होती आणि एकसुरी घोंघावत होती. लोखंडी कपाटांमध्ये हिरवे दिवे लुकलुकत होते. दादा (चिंगी त्याला दादा म्हणे, म्हणून सगळी संस्थाच म्हणे) स्वेटर घालून स्टुलावर बसला होता.

दारातच दाढी भेटला. खरंच छातीपर्यंत दाढी.

"माझ्यावर संशय असेल तर आत्ताच सांगा," तो म्हणाला. "जागेसाठी मी तिच्याशी भांडेन, पण असलं नाही करणार. आणि करायचं ठरवलं तरी जमायचं नाही. मला माझीच पेटी उघडायला दादा लागतो."

"तुमचं उत्तर किती आकड्यांपर्यंत जुळलं?"

"सगळ्या. म्हणजे छापतो ते सगळे. दशांशानंतर सहा."

"आणि संगणक आत किती ठेवतो?"

"साधारण सोळा. पण बाकीचे बघतो कोण?"

तो गेला. बाईंनी दार लावून घेतलं आणि दादासमोर बसल्या.

"बहिणीची पेटी दोनदा उघडलीत. का?"

दादाने नाकारलं नाही. त्याने हाताचे पंजे काखेत धरले.

"माझं कामच आहे ते," तो म्हणाला. "सर्व्हरवर अपडेट टाकलं की जुन्या पेट्या नीट चालतात का ते बघावं लागतं. एकेक उघडून बघतो. तिचीही उघडली. उत्तर आलं, सूर्य."

"मग?"

"मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा चालवली. पुन्हा सूर्य." त्याने मान वर केली नाही. "मोहोर बरोबर होती. मग मला जे सरांना वाटलं तेच वाटलं, मॅडम. की हिने... मी सांगितलं नाही कोणाला. सांगितलं तर तिचं वाटोळं, नाही सांगितलं तर मी नोकरीशी बेइमान. घरी तिच्याकडे बघवेना. ती मला विचारते, दादा काय झालं, आणि मी ताट उचलून आत जातो."

"तिला माहीत आहे?"

"नाही. सख्ख्या भावाने तिला चोर ठरवलं हे तिला कळलं तर..."

त्याच्यामागचं दार उघडंच होतं. मागच्या दारानेही या खोलीत येता येतं, हे बाईंना ठाऊक नव्हतं. तिथे चिंगी उभी होती. हातात भावाचा डबा.

५

चिंगीने डबा टेबलावर ठेवला.

"खाऊन घे," ती म्हणाली. "तुझ्याशी नंतर भांडते." आणि ती स्टूल ओढून बाईंच्या शेजारी बसली, पण भावापासून तोंड वळवून.

मोजणीबाईंनी घसा साफ केला. "अपडेट म्हणालात. त्यानंतर आणखी काही वेगळं जाणवलं?"

"काही नाही. पेट्या जरा रडतखडत चालतात, एवढंच. हिची पेटी आधी चार दिवसांत व्हायची, आता सहा लागतात. नव्या कर्नेलनंतर थोडंफार होतंच तसं."

"थांबा. कर्नेल म्हणजे?"

"कारभारी म्हणा. खाली यंत्र, वर प्रोग्रॅम. मधला कारभारी म्हणजे कर्नेल. कोणाला किती वेळ, किती जागा, सगळं तो ठरवतो."

"पेटीच्या आतला कारभारी बदललात?"

"छे! आत जुनाच आहे, मोहोरबंद. सर्व्हरचा बदलला. बाहेरचा."

बाई उठून येरझारा घालू लागल्या. त्यांच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. मोजपट्टीचं माप लिहायचं तर शेजारी खोलीचं तापमान लिहायचंच, कारण पोलादही उन्हाळ्यात लांबतं. तापमान नसलेलं माप त्या कचऱ्यात टाकत.

"पेटी तीच," त्या म्हणाल्या. "काम तेच. यंत्रही तेच. मग जास्तीचे दोन दिवस ती करते काय?"

दादाने बोटांवर दिवस मोजले.

"आळस करणं यंत्राला येत नाही ना? म्हणजे तेच काम ती आता वेगळ्या तऱ्हेने करत असली पाहिजे. लांबच्या रस्त्याने. तुम्ही पेटीला हात लावला नाहीत हे खरं. पण पेटी ज्या खोलीत ठेवलीय ती खोली बदललीत. मला सांगा, पेटी जागी होते तेव्हा सगळ्यात आधी काय करते?"

"प्रोसेसरला विचारते," चिंगी एकदम म्हणाली. "तुला काय काय येतं? जे येत असेल त्याप्रमाणे माझा प्रोग्रॅम गणिताची तऱ्हा निवडतो. वेगवान येत असेल तर वेगवान, नाहीतर साधी."

"पण पेटीतला प्रोसेसर तर खोटा आहे. मग तिला उत्तर कोण देतं?"

दादाचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला.

"कारभारी," तो म्हणाला.

६

जुन्या कर्नेलवरचा एक सर्व्हर कोपऱ्यात अजून होता. मोडीत काढायचा राहिला होता. दादाने दोन्हीकडे पेटी जागी केली आणि दोन्हीकडून तिला मिळालेली उत्तरं शेजारी-शेजारी मांडली. लांबलचक याद्या. चिंगीने बोट ठेवून खाली खाली वाचलं. बोट थांबलं.

"जुन्यात आहे. नव्यात नाही."

एक क्षमता गायब होती. गुणाकार आणि बेरीज एकाच दमात करण्याची.

दादाने नव्या कर्नेलबरोबर आलेली माहिती उघडली आणि कपाळावर हात मारला. या जातीच्या प्रोसेसरमध्ये एक फट सापडली होती. तिच्यातून एका प्रोग्रॅमची गुपितं दुसऱ्याला दिसू शकत. पक्का इलाज येईपर्यंत कारभाऱ्याने तेवढा भागच झाकून ठेवला होता, आणि कोणी विचारलं की सांगत होता, मला हे येत नाही. आजवर कर्नेल कितीतरी वेळा बदललं, पण या प्रश्नाचं उत्तर कधी बदललं नव्हतं. म्हणून कधी कोणाच्या लक्षात आलं नाही.

सरांना बोलावणं गेलं. ते धापा टाकत आले, पाठोपाठ दाढी.

"पण बाई, गुणाकार तो गुणाकार!" सर म्हणाले. "एका दमात करा नाहीतर दोन दमांत!"

"सर, माझ्याकडे एक काटा आहे, तो फक्त पुरे किलो दाखवतो," मोजणीबाई म्हणाल्या. "मधलं वजन आलं की जवळचा किलो. त्यावर एक किलो चारशेची पिशवी ठेवली. काय दाखवेल?"

"एक."

"तशीच दुसरी. तीही एक. बेरीज दोन. आता दोन्ही पिशव्या एकत्र ठेवा. दोन किलो आठशे. काटा काय म्हणेल?"

"तीन," दाढी मागून म्हणाला.

"एकदा आकडा गोल करणं आणि दोनदा गोल करणं यात फरक पडतो. इथे तो सोळाव्या आकड्यात पडतोय. पण पडतोय."

"मग माझं कसं जुळलं?" दाढीने विचारलं.

"बघू या ना. तुमची पेटी दोन्हीकडे लावा, आणि सहावर थांबू नका. सगळे आकडे छापा."

दाढीचं गणित लहान होतं. थोड्या वेळात दोन ओळी पडद्यावर आल्या. दहा आकडे सारखे. अकरावा सारखा. बारावा सारखा. तेराव्यापासून पुढे एकही जुळत नव्हता.

दाढीने स्वतःच्या दाढीला हात घातला. "म्हणजे माझीही पेटी बदलली होती. मला फक्त दिसलं नाही."

"तुमचा चंद्र समजूतदार आहे," चिंगी म्हणाली. "त्याला धक्का लागला तरी डोलून जागेवर येतो. चूक तेवढीच राहते. माझा दगड तसा नाही. गुरूच्या प्रत्येक फेरीत त्याची चूक वाढते." ती पडद्याकडे बघत राहिली. "सोळावा आकडा, सर. माझ्या दगडाच्या वाटेत सोळावा आकडा म्हणजे केसाच्या जाडीएवढं अंतर. आकाशात केसभर चुकलं, आणि लाख वर्षांनी तो सूर्यात नाहीतर ताऱ्यांमध्ये."

सर जवळच्या स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा आयुष्यभर ज्या रस्त्याने गेलो त्याच्या खाली नदी आहे असं कळल्यासारखा झाला होता.

"म्हणजे कोणीच खोटं बोललं नाही," ते म्हणाले. मग मान वर करून चिंगीकडे बघत म्हणाले, "माझं चुकलं, मुली. मी सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच मागे घेईन." आणि जरा थांबून, "पण मग मला सांग. खरा दगड कोणता?"

७

सोमवारी सभागृहाच्या पायऱ्यांवर दादाने तिला गाठलं. आठवडाभरात दोघं कामापुरतंच बोलली होती.

"चिंगे, ऐक. जुन्या कर्नेलवरच्या नकलेने पुन्हा तुझंच उत्तर दिलंय. बाहेर फेकला जातो. आणि एकदाच गोल करणं जास्त अचूक, हे तूच म्हणालीस. मग सांगून टाक समितीला, जुनं तेच खरं. हे खोटंही नाही. आजच पदवी हातात पडेल."

"एका पायरीला अचूक आहे दादा. अब्जावधी पायऱ्यांनंतर नाही. जुनं उत्तर माझं आहे म्हणून खरं ठरत नाही."

"पुन्हा वर्ष-दोन वर्षं जातील. जागा दाढीला जाईल."

"जाऊ दे." दोन पायऱ्या चढून ती वळली. "तुला तीन आठवडे वाटत होतं की मी आकडा बदलला. राग आला होता मला फार. अजून आहे. आता मीच उठून सोयीचा आकडा निवडला, तर तुझ्यावर रागवायला तोंड कुठे राहील?"

दादाने तिच्या हातातलं जड दप्तर घेतलं आणि तिच्या मागोमाग वर गेला.

समितीसमोर आधी सर उभे राहिले. आरोप मागे घेतो, तो माझ्याच अज्ञानातून निघाला होता, असं ते एका दमात म्हणाले. यापुढे प्रत्येक पेटीवर मोहोरेशेजारी ती कोणत्या यंत्रावर, कोणत्या कर्नेलखाली उघडली तेही लिहायचं, आणि ही अट मोजणीबाईंची आहे, असंही सांगून टाकलं. शेवटच्या रांगेत बसलेल्या जाऊबाईंनी मोजणीबाईंना कोपराने ढोसलं.

मग चिंगी उठली.

"माझ्या प्रबंधातली गणितं बरोबर आहेत," तिचा खणखणीत आवाज घुमला. "निष्कर्ष चुकीचा आहे. मी लिहिलं, दगड बाहेर जाईल. तसं म्हणायचा मला अधिकार नाही. मी तो निष्कर्ष मागे घेतेय."

कुजबुज झाली. समितीतल्या एकांनी विचारलं, "मग राहिलं काय प्रबंधात?"

"ते दाखवते."

बुधवारपासून संस्थेतला प्रत्येक रिकामा सर्व्हर, तात्पुरतं जुनं कर्नेल चढवून घेऊन, तिच्यासाठी राबत होता. दाढीने स्वतःची कामं थांबवून आपला सर्व्हर दिला होता. चाळीस पेट्या. चाळिसांत तोच दगड, फक्त प्रत्येकाची सुरुवात सोळाव्या आकड्याने वेगळी. दिवे मालवले गेले.

भिंतीवर एक रेघ उमटली. सभागृहातल्या कोणालाही ती एकच वाटली असती. लंबगोलामागून लंबगोल, शांत, ठाम. हजारो वर्षं गेली. मग रेघेला तंतू सुटू लागले, सुताचा पीळ उकलावा तसे. एक तंतू अलगद बाजूला झाला, मग तीन, मग मोजता येईनात. कोणी सूर्याकडे वळला आणि विझला. कोणी गुरूला वळसा घालून भिंतीच्या कडेपलीकडे निघून गेला. कोणी शेवटपर्यंत फिरतच राहिले, जणू त्यांना काही सांगितलंच गेलं नव्हतं. अंधारात त्या चाळीस वाटांचं फूल भिंतभर उमललं होतं.

आयुष्यभर मोजणीबाई चूक पकडत आल्या होत्या. चूक इतकी सुंदर दिसते हे त्यांना आज कळत होतं.

दिवे लागले. समितीने फार वेळ घेतला नाही. प्रबंध नव्याने लिहायला परत, मुदत एक वर्ष. चिंगीच्या नावावर डाग नाही, दादाच्या नोकरीला धक्का नाही. अध्यक्षांनी हे वाचून दाखवलं तेव्हा दादा खाली मान घालून डोळे पुसत होता, आणि चिंगीने त्याच्याकडे न बघता आपला रुमाल त्याच्या मांडीवर टाकला.

लोक उठू लागले. सर मात्र जागचे हलले नव्हते. ते अजून त्या कोऱ्या भिंतीकडे बघत होते.

"मग तो जाणार कुठे?" त्यांनी विचारलं. कोणा विद्यार्थ्याने विचारावं तसं.

"माहीत नाही, सर. आपल्याला कधी कळेल असंही वाटत नाही. पण नेमकं किती हजार वर्षांपर्यंत कळतं आणि कुठून पुढे कळत नाही, ते मी वर्षभरात सांगू शकेन."

सरांनी खुर्ची भिंतीच्या जवळ ओढली.

"दिवे घालव," ते म्हणाले. "आणि त्या वाटा पुन्हा दाखव. पहिल्यापासून."